एक यूपीएस, एकच यूएसबी केबल, दोन होस्ट: लाईट गेल्यावर कोणी कोणाला बंद करायचं?

टॉवेल_आयटी (अक्कलकोट रोड एमआयडीसी, सोलापूर)

नमस्कार मंडळी. टेरी टॉवेलच्या एका युनिटमध्ये आयटी बघतो. म्हणजे सर्व्हर, सीसीटीव्ही, हजेरीचं मशीन, मालकांच्या घरचा प्रिंटर, सगळं एकट्याच्या गळ्यात.

दोन होस्ट आहेत, म्हणजे पोटात अनेक आभासी मशीन (व्हीएम) चालवणारे सर्व्हर. पहिल्यावर फुकटवाला ईएसएक्सआय 8 (व्हीएम चालवायचं व्हीएमवेअरचं सॉफ्टवेअर), त्यात तीन व्हीएम: डोमेन कंट्रोलर (सगळ्यांचं लॉगिन सांभाळणारा), एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसवर चालणारं ईआरपी (कंपनीच्या कारभाराचं सॉफ्टवेअर) आणि टॅली. दुसऱ्यावर प्रॉक्समॉक्स (त्याच कामाचं दुसरं सॉफ्टवेअर), त्यात फाइल सर्व्हर आणि हजेरीचं सॉफ्टवेअर. प्रॉक्समॉक्सच्या व्हीएमच्या डिस्क एका एनएएसवर (नेटवर्कवरच्या डिस्कपेटीवर) आहेत, एनएफएसने, म्हणजे नेटवर्कवरूनच, जोडलेल्या. या सगळ्यांना मिळून एक 3 केव्हीए ऑनलाइन यूपीएस, आत 12 व्होल्ट 7 एएचच्या आठ बॅटऱ्या. लोड डिस्प्लेवर साधारण 600 वॉट दिसतो. जनरेटर आहे, पण तो डाइंग आणि बॉयलरला. ऑफिसला लाइन दिलेली नाही.

मागच्या महिन्यात रात्री लाईट गेली. युनिटमध्ये फक्त वॉचमन होता. यूपीएसने जमेल तेवढा वेळ ओढलं आणि सगळं एकदम आडवं झालं. सकाळी एसक्यूएलचा डेटाबेस 'सस्पेक्ट' दाखवत होता, टॅलीचा डेटा रिपेअरला घ्यावा लागला. डिस्पॅचची पॅकिंग लिस्ट निघेना आणि गेटवर कंटेनर उभा. पुढचं सांगत बसत नाही.

यूपीएसबरोबर आलेलं सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालतं. यूएसबी पासथ्रू करून (म्हणजे होस्टची यूएसबी थेट व्हीएमला देऊन) ते ईआरपीच्या व्हीएममध्ये टाकलं. चालतं, पण बंद होतो तो फक्त तेवढा व्हीएम. होस्टला पत्ताच नसतो, दुसऱ्या होस्टला तर नाहीच नाही. यूपीएसमध्ये नेटवर्क कार्डसाठी खाच आहे. कार्डाचं कोटेशन मालकांना दाखवलं तर म्हणाले, "एवढ्यात बॅटऱ्यांचा नवा सेट येतो की रे."

ही यूएसबी नेमकी कुठे लावू? फुकटच्या ईएसएक्सआयला बाहेरून 'बंद हो' सांगता येतं का? आणि किती मिनिटं थांबून शटडाउन सुरू करायचं? यूपीएसमधलं सेटिंग '20 टक्के बॅटरी उरल्यावर' असं आहे.

---

रॅक_नंबर_सात (पुणे)

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. प्रॉडक्शनला यूएसबी केबल म्हणजे जुगाड. नेटवर्क कार्ड घ्या. कार्ड असलं की यूपीएस स्वतःच नेटवर्कवर येतो आणि प्रत्येक होस्ट त्याच्याकडून थेट निरोप घेतो, मध्ये कुठला पीसी लागत नाही. एपीसीचं पॉवरशूट नेटवर्क शटडाउन असंच चालतं, इतरांचीही तशी सॉफ्टवेअर आहेत.

पण तुमच्या बाबतीत एक अडचण कार्ड घेऊनही राहणार. फुकटच्या ईएसएक्सआयचा एपीआय (बाहेरच्या सॉफ्टवेअरने त्याच्याशी बोलायचा दरवाजा) फक्त वाचण्यापुरता असतो. असली सॉफ्टवेअर त्याच एपीआयमधून होस्टला बंद करायला बघतात आणि लायसन्सवर येऊन अडतात. व्हीएमवेअरच्या मालक ब्रॉडकॉमने फेब्रुवारी 2024 मध्ये फुकट आवृत्ती बंद केली होती, एप्रिल 2025 मध्ये परत आणली, पण ही मर्यादा आहे तशीच आहे. मी असतो तर तो होस्टही प्रॉक्समॉक्सवर नेला असता.

---

टॉवेल_आयटी

राग कसला सर. पण ईआरपीवाला 'आम्ही फक्त व्हीएमवेअरवर सपोर्ट देतो' म्हणतो, त्यामुळे तो होस्ट आत्ता हलवता येत नाही. आहे त्यात काही निघतं का बघायचंय.

---

थिनक्लायंट_अण्णा (चिंचोळी एमआयडीसी, सोलापूर)

निघतं की ओ, का नाही निघणार. पुण्याचे साहेब एपीआयबद्दल बोलले ते बरोबर आहे. पण ईएसएक्सआयमध्ये एसएसएच (दुरून आत शिरून हुकूम द्यायची सोय) सुरू करता येतं, आणि आत शिरल्यावर 'विम-सीएमडी' या कमांडने व्हीएम बंद करायला लायसन्स आडवं येत नाही. आपल्याकडच्या चार-पाच युनिटांत मी असंच बसवून दिलंय.

आधी यूएसबीचं. ज्या होस्टला बंद करायचंय त्याच्याच पोटातल्या व्हीएमकडे यूपीएसची केबल कधीच देऊ नका. तो व्हीएम बंद झाला की पुढचे हुकूम द्यायला कोणी उरत नाही, आणि तो शेवटपर्यंत जागा ठेवला तर होस्ट बंद होत नाही. वेगळं छोटं मशीन घ्या. जुना थिन क्लायंट सेकंड हँडमध्ये स्वस्तात मिळतो, 10-15 वॉट खातो, पंखाही नसतो. टॉवेलच्या युनिटात पंखा नसणं हा मोठा गुण, कारण सहा महिन्यांत पंख्यावर रुईची गादी बसते. रास्पबेरी पायही चालतो, पण त्याचं एसडी कार्ड अचानक लाईट जाऊन मेलेलं मी बघितलंय, म्हणून थिन क्लायंट. त्यावर डेबियन लिनक्स टाका, वर नेटवर्क यूपीएस टूल्स. सगळे त्याला 'नट'च म्हणतात. यूएसबी या मशीनला.

तुमचा यूपीएस बहुतेक मेगाटेकच्या क्यू1 बोलीतला असणार, आपल्याकडचे बरेचसे ऑनलाइन यूपीएस तेच बोलतात. नटमध्ये त्याला 'नटड्रायव्हर-क्यूएक्स' हा ड्रायव्हर लागतो. या बोलीत यूपीएस मुख्यतः इनपुट-आउटपुट व्होल्टेज, लोड, बॅटरीचं व्होल्टेज आणि 'लाईट नाही', 'बॅटरी संपत आली' असे झेंडे सांगतो. किती मिनिटं उरली ते तो सांगत नाही, आणि टक्के तर व्होल्टेजवरून काढलेला अंदाज असतो. लोड पडला की व्होल्टेज बसतं, त्यामुळे जुन्या बॅटरीत 60 टक्क्यांवरून 15 वर यायला दोन मिनिटंही लागत नाहीत. तुमचं '20 टक्के उरल्यावर' हे सेटिंग म्हणूनच काढून टाका. बॅटरी नवी असते तेव्हा ते उगाच उशीर करतं, आणि जुनी झाल्यावर, म्हणजे खरी गरज असते तेव्हा, वेळच देत नाही.

टक्क्यांवर जाऊ नका, घड्याळावर जा, आणि हिशोब उलटा करा. सगळ्यात सावकाश बंद होणारा व्हीएम कोणता? तुमच्याकडे एसक्यूएलवाला असणार. त्याला भर कामात नीट बंद व्हायला किती वेळ लागतो ते स्टॉपवॉच लावून मोजा. त्यात होस्टचा वेळ, मग एनएएसचा. ही बेरीज झाली तुमची गरज. आता बॅटरी खरी किती चालते ते मोजा. सर्व्हर काढून 200 वॉटचे तीन बल्ब लावा, मेन बंद करा, यूपीएस पडेपर्यंत बघत बसा. यातून गरज वजा करा, त्यातूनही बॅटरीच्या एकूण वेळेचा एक तृतीयांश बाजूला ठेवा, उरेल तेवढाच वेळ लाईट परत येण्याची वाट बघायला वापरायचा. बहुतेक ठिकाणी हा आकडा 3 ते 5 मिनिटं निघतो आणि लोकांना तो फार कमी वाटतो. आपल्याकडे एक तर झटका देऊन लाईट अर्ध्या मिनिटात येते, नाही तर तासभर येत नाही. मधल्या वेळेसाठी बॅटरी जाळत बसण्यात अर्थ नाही.

नटमध्ये हे काम 'अप्सशेड' करतं. बॅटरीवर गेलं की टायमर सुरू, लाईट आली की टायमर रद्द, टायमर पुरा झाला की तुमची स्क्रिप्ट. एकदा स्क्रिप्ट सुरू झाली की मात्र लाईट आली तरी थांबवायची नाही. अर्धे व्हीएम बंद, अर्धे चालू, आणि डोमेन कंट्रोलर कुठल्या अवस्थेत ते देवाला ठाऊक, असली सकाळ निस्तरण्यापेक्षा सगळं पूर्ण खाली जाऊन वर आलेलं परवडतं.

आता स्क्रिप्टमधला क्रम. तुमच्या एनएएसमध्ये यूपीएसचा पर्याय असेल, त्यात नट सर्व्हरचा पत्ता टाकायचा मोह होईल. टाकू नका. टाकलात तर शटडाउनचा निरोप प्रॉक्समॉक्सला आणि एनएएसला एकाच क्षणी जाईल. एनएएस आधी झोपेल आणि प्रॉक्समॉक्सचे व्हीएम स्वतःची डिस्क शोधत लटकतील. लटकलेला एनएफएस होस्टलाही बंद होऊ देत नाही. म्हणून क्रम असा: थिन क्लायंट एसएसएचने ईएसएक्सआयवर जाऊन ईआरपी आणि टॅलीच्या व्हीएमला 'पॉवर डॉट शटडाउन' देतो (व्हीएमवेअर टूल्स आत हवीतच, नाही तर हा हुकूम कोणी ऐकत नाही), दोघे बंद झाल्याची खात्री करतो, मग डोमेन कंट्रोलर, मग होस्ट. त्याच वेळी दुसऱ्या बाजूने प्रॉक्समॉक्सला साधा शटडाउन द्यायचा, तो आपले व्हीएम स्वतः उतरवतो. प्रत्येक व्हीएमसाठी तो मुळात 180 सेकंद थांबतो आणि तरी बंद झाला नाही तर जबरदस्तीने ओढतो. ज्याला जास्त वेळ लागतो त्याचा आकडा वाढवा आणि आत क्यूईएमयू गेस्ट एजंट (प्रॉक्समॉक्सचा हुकूम व्हीएमच्या आत ऐकणारा प्रोग्राम) टाका. दोन्ही होस्टचं पिंग (नेटवर्कवरच्या हाकेला उत्तर) बंद झालं की लगेच एनएएसवर जाऊ नका, नेटवर्क आधी जातं आणि मशीन नंतर. एक मिनिट जाऊ द्या, मग एनएएस.

शेवटचं आणि लोक हमखास विसरतात ते: यूपीएसचं आउटपुट तोडायचं. समजा सगळं बंद झालं आणि बॅटरी संपायच्या आत लाईट आली. सर्व्हरच्या दृष्टीने लाईट गेलीच नव्हती, त्यामुळे बायोसमधलं 'लाईट आली की चालू हो' हे सेटिंग जागंच होत नाही. सकाळी सगळं बंद आणि यूपीएस हिरवा दिवा लावून बसलेला. म्हणून स्क्रिप्टच्या शेवटी यूपीएसला 'शटडाउन डॉट रिटर्न' द्यायचं: एवढ्या सेकंदांनी आउटपुट तोड, मेन लाईन असली की एवढ्या सेकंदांनी परत दे. ड्रायव्हरमध्ये याचे दोन आकडे आहेत, ऑफडिले आणि ऑनडिले. मूळचे 30 आणि 180 असतात. मी ऑनडिले 600 ठेवतो, कारण लाईट येते आणि पाच मिनिटांत परत जाते हे आपल्याला काही नवीन नाही. तेवढ्या वेळात बॅटरी भरत नाही, पण लाइन टिकतेय का ते कळतं. मॉडेलनुसार यात थोडं इकडं-तिकडं होतं, तेव्हा मॅन्युअलवर नको, टेस्टवर विश्वास ठेवा. आणि यूपीएसवर मोठ्या अक्षरात कागद चिकटवा: 'लाईट आल्यावर दहा मिनिटं बटण दाबू नये'. वॉचमनला वाटतं यूपीएस बिघडला, आणि तो दाबतोच.

बाकी बारीकसारीक. नटचा पासवर्ड फाइलमध्ये उघडा असतो, म्हणून सर्व्हर फक्त आतल्या नेटवर्कवर ऐकू द्या. ईएसएक्सआयसाठी थिन क्लायंटची एसएसएच की (पासवर्डऐवजी चालणारी किल्लीची फाइल) टाका, स्क्रिप्टमध्ये रूटचा पासवर्ड लिहू नका.

---

बॅटरीवाला_होटगीरोड

अण्णांनी सगळं सांगितलं, मी फक्त बॅटरीचं बोलतो, तो आपला धंदा.

7 एएच हा आकडा 20 तासांच्या डिस्चार्जचा असतो, म्हणजे सुमारे 0.35 अँपिअर ओढल्यावरचा. आठ बॅटऱ्यांचे कागदावर 672 वॉट-तास होतात. पण 600 वॉट लोडला इन्व्हर्टरचा तोटा धरून तुम्ही सात अँपिअरच्या आसपास ओढताय. त्या वेगाने बॅटरी साठ टक्क्यांच्या आसपासच देते. म्हणजे नव्या कोऱ्या सेटला अर्धा तास, फार तर थोडा वर.

आता ऊन. शिशाच्या सीलबंद बॅटरीचं आयुष्य 25 अंशांना धरून सांगतात, आणि त्यावर दर 10 अंशांना ते अंदाजे निम्मं होतं. एप्रिल-मेमध्ये सोलापूरला बाहेर 42-43 असतं. तुमची सर्व्हर रूम पत्र्याखाली असेल आणि रात्री कोणी एसी बंद करून जात असेल, तर यूपीएसच्या पोटात किती होत असेल बघा. कंपनीने पाच वर्षं सांगितलेला सेट इथे दोन उन्हाळे काढतो. बाकीच्या सात चांगल्या आणि एक गेलेली असली तरी सगळी ओळ एकदम बसते, कारण त्या सिरीजमध्ये आहेत. लोडवर असताना प्रत्येकीचं व्होल्टेज मीटरने घ्या. एखादी 10 च्या खाली जात असेल आणि बाकीच्या 12 ला असतील तर चोर सापडला. पण एकटी बदलू नका, जुन्यांत नवी घातली की नवीही लवकर जाते.

---

टॉवेल_आयटी

अण्णा, होटगी रोडवाले दादा, दोघांचे आभार. थिन क्लायंट मिळाला, नट चढलं, 'नटड्रायव्हर-क्यूएक्स'ने यूपीएस पहिल्या झटक्यात ओळखला. बल्ब लावून मोजलं तर बॅटरी 14 मिनिटं चालली. आठातली एक लोडवर 9.6 दाखवते. मालकांना मीटरच दाखवला, नवा सेट मंजूर झाला. तोपर्यंत 14 मिनिटं धरून चालतोय.

ईआरपीचा व्हीएम बंद व्हायला एरवी दीड मिनिट घेतो. पण रविवारी टेस्ट घेतली तेव्हा विंडोज अपडेट अर्धवट होती, 'बंद करू नका' असं लिहून बसला तो बसलाच. त्यात सहा मिनिटं गेली.

दुसरी अडचण: स्क्रिप्ट अर्ध्यावर असताना थिन क्लायंटला ईएसएक्सआय दिसेनासा झाला. होस्ट तर चालू होता. शेवटी कळलं की मधला स्विच भिंतीतल्या साध्या सॉकेटवर आहे. ते सॉकेट मेनवर, त्यामुळे लाईट गेली की तो आधीच मेलेला.

आणि एक शंका. बॅटरी अपेक्षेपेक्षा लवकर बसली आणि माझी स्क्रिप्ट सुरू व्हायच्या आतच 'बॅटरी संपत आली'चा झेंडा आला तर?

---

थिनक्लायंट_अण्णा

अपडेटचं सोपं आहे. ईआरपीच्या व्हीएमला ग्रुप पॉलिसीतून (विंडोजच्या सामाईक नियमांतून) स्वतःहून अपडेट चढवायची मनाई करा, महिन्यातून एकदा तुम्ही समोर बसून चढवा आणि तेव्हाच रीस्टार्ट करा. शटडाउनच्या वेळी अपडेट लागणं हा सर्व्हरवरचा सगळ्यात वाईट प्रकार. तरी स्क्रिप्टमध्ये मर्यादा हवीच: ईआरपीसाठी चार मिनिटं थांब, नाही झाला बंद तर पुढे जा. पण तेव्हा त्याला ओढून बंद करण्याआधी एसक्यूएलची सर्व्हिस थांबलीय का ते बघायची एक ओळ घाला. सर्व्हिस थांबली असेल तर विंडोज ओढला तरी डेटाबेसला काही होत नाही. त्याहून बरं म्हणजे स्क्रिप्टची पहिलीच ओळ 'एसक्यूएल थांबव' अशी ठेवा, व्हीएमचा शटडाउन त्याच्यानंतर.

14 मिनिटांत तुमचा हिशोब असा बसतो: 3 मिनिटं वाट, 4 ईआरपी, 2 होस्ट आणि एनएएस, उरली 5 राखीव. नवा सेट आला की आधी बल्ब लावून परत मोजा, मग वाट बघायचा आकडा वाढवा. न मोजता वाढवू नका.

तुमच्या शंकेसाठी नटचा मूळ रस्ता तसाच जागा ठेवा. प्रॉक्समॉक्सवर नटचा क्लायंट टाका, दुय्यम म्हणून. थिन क्लायंट मुख्य. 'बॅटरी संपत आली'चा झेंडा आला की मुख्य मशीन सक्तीच्या शटडाउनचा निरोप फिरवतं. ईएसएक्सआय आणि एनएएस नटचे क्लायंट नाहीत, तो निरोप त्यांच्यापर्यंत जात नाही. म्हणून मुख्य मशीनच्या शटडाउन कमांडच्या जागी एक छोटी स्क्रिप्ट ठेवा: ईएसएक्सआयच्या सगळ्या व्हीएमला एकदम 'बंद व्हा', क्रमबिम काही नाही, आणि तासाभराने लाईट येईपर्यंत बाकी सगळं नशिबावर. त्या वेळी क्रम पाळायला वेळच नसतो.

यात एक खोच आहे. मुख्य मशीन दुय्यम मशीनची वाट बघतं खरं, पण मुळात फक्त 15 सेकंद, आणि दुय्यम मशीन शटडाउन *सुरू* करतानाच 'मी निघालो' म्हणून कनेक्शन सोडतं. ते पूर्ण बंद झालंय असा त्याचा अर्थ नाही. त्यानंतर ऑफडिले 30 सेकंदांचा असला तर प्रॉक्समॉक्स अजून व्हीएम उतरवतोय आणि यूपीएसने खालून लाईट ओढली, असं होतं. म्हणून ऑफडिले 240 च्या आसपास ठेवा. क्यू1 बोलीत हा आकडा जास्तीत जास्त 10 मिनिटांपर्यंत जातो. अर्थात बॅटरी त्याआधीच संपली तर यूपीएस तुमच्या आकड्याला विचारत नाही. पाच मिनिटं राखीव ठेवायला सांगतोय ती त्याचसाठी.

वर येतानाचंही आत्ताच लावून टाका. एनएएसला उठायला दोन-तीन मिनिटं लागतात, तोवर प्रॉक्समॉक्स उठून व्हीएम सुरू करायला जातो, डिस्क सापडत नाही आणि तो गप्प बसतो. नोडच्या सेटिंगमध्ये बूट झाल्यावर व्हीएम सुरू करायला उशीर लावता येतो, 300 सेकंदांपर्यंत. पूर्ण 300 ठेवा. ईएसएक्सआयमध्ये ऑटोस्टार्ट चालू करून डोमेन कंट्रोलर पहिला, मग ईआरपी, मग टॅली.

पुढची टेस्ट मेन स्विच पाडून करू नका. आधी स्क्रिप्टमधल्या खऱ्या हुकुमांच्या जागी नुसतं लॉगमध्ये लिहिणाऱ्या ओळी टाका आणि वेळा जुळतात का बघा. मग खरी. ती गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या, सुट्टीत घ्या, तेव्हा डिस्पॅचवाले तुमच्या डोक्यावर उभे राहणार नाहीत.

---

टॉवेल_आयटी

लॉगवाली टेस्ट झाली, वेळा जुळल्या. एसक्यूएल आधी थांबवल्यावर ईआरपीचा व्हीएम 50 सेकंदांत बंद होतोय. स्विचला आता यूपीएसवरून वेगळी लाइन ओढून घेतोय. इलेक्ट्रिशियन विचारतोय, त्याच लाइनवर सीसीटीव्हीचा डीव्हीआर आणि हजेरीचं मशीन पण टाकू का?

---

थिनक्लायंट_अण्णा

हजेरीचं मशीन टाका, ते किरकोळ खातं. डीव्हीआर नको. कॅमेऱ्यांसकट 100 वॉटच्या पुढे जातो आणि तुमची 14 मिनिटं 11 वर येतील. त्याला वेगळा छोटा यूपीएस द्या. आणि इलेक्ट्रिशियनला सांगा, यूपीएसच्या सॉकेटना लाल रंग लावून ठेव, नाही तर झाडूवाली मावशी तिथेच व्हॅक्यूम लावणार.